एवढे कमावलेत तर शिकवत का बसलाय?

परवा परत तो मेसेज आला. '९९ रुपयांत रिअल इस्टेट मास्टरक्लास, फक्त ३ सीट शिल्लक.' ऑनलाइन वेबिनारला ३ सीट शिल्लक म्हणजे काय, खुर्च्या भाड्याने आणतात का हे लोक? असो. ऑफिसमधला एक मित्र असलं काही दिसलं की हमखास म्हणतो, प्लॉट-फ्लॅटमधून एवढे छापलेत तर शिकवत कशाला फिरतो हा बाबा, गप घरी बसून भाडं खायचं ना. मलाही आधी तसंच वाटायचं, पण आमच्या मामांना गेली चार-पाच वर्षं जवळून बघतोय आणि मधे एकदा पैसे भरून असल्या एका सेमिनारला पण जाऊन आलोय (हो, गेलो होतो, हसू नका), त्यामुळे आता मला ते इतकं सोपं वाटत नाही.

आधी सेमिनारचं सांगतो. ९९ वाल्या वेबिनारनंतर हॉटेलमधला दोन दिवसांचा कार्यक्रम, फी २० हजार. हॉलमध्ये साधारण ६० माणसं. नाश्त्याच्या रांगेत उभा असताना मी मनातल्या मनात गुणाकार केला, १२ लाख. आता दुसरीकडे बघा, पुण्यात कोटभराचा फ्लॅट भाड्याने दिला तर महिन्याला २५-३० हजार येतात, त्यातून मेंटेनन्स गेला, प्रॉपर्टी टॅक्स गेला, मधेच भाडेकरू सोडून गेला की दोन महिने रिकामा, म्हणजे वर्षाचे तीन लाख हातात पडले तरी खूप. चार वर्षांचं भाडं साहेबांनी एका शनिवार-रविवारात काढलं, आणि त्यात ना पाइप गळतो ना सोसायटीची नोटीस येते.

आणि हे फसवणूकच असतं असं नाही हां. ज्याच्याकडे पाच कोटींची प्रॉपर्टी आहे त्याच्या खिशात पाच लाख असतीलच असं नाही ना. सगळं विटा-सिमेंटमध्ये आणि सातबाऱ्यावर अडकलेलं. विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहा महिने जातात, मग तो स्टॅम्प ड्युटी धरून भाव पाडणार, वर आपल्याला नफ्यावर कॅपिटल गेन टॅक्स. क्लासची फी मात्र आधी जमा होते, कार्यक्रम नंतर.

दुसरं कारण मला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कळलं. पडद्यावर एकदम एक प्लॉटिंगचा प्रोजेक्ट आला, 'फक्त आपल्या बॅचसाठी' रेट. म्हणजे ६० जणांनी २०-२० हजार देऊन गिऱ्हाईक म्हणून स्वतःलाच आणून बसवलं होतं! इथं एक सांगून ठेवतो. महारेरात, म्हणजे बिल्डर आणि प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या सरकारी प्राधिकरणात, नोंद असलेल्या प्रोजेक्टमधला प्लॉट किंवा फ्लॅट कुणी मधे पडून विकत असेल तर तो माणूस महारेराचा रजिस्टर्ड एजंट लागतो, प्रोजेक्टचा नंबर 'पी' अक्षरानं सुरू होतो आणि एजंटचा 'ए' अक्षरानं. २०२३ पासून तर एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा पण आहे. मी त्या सरांना ए वाला नंबर विचारला तर म्हणाले, मी एजंट नाही, मी मेंटॉर आहे. बरं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं पण नाही. अमेरिकेत ट्रम्पनी २००५ ला ट्रम्प युनिव्हर्सिटी काढली होती, रिअल इस्टेट शिकवायला, नंतर विद्यार्थी कोर्टात गेले आणि २०१६ ला ते प्रकरण अडीच कोटी डॉलर देऊन मिटवायचं ठरलं.

आता मामा. पिंपरीत कंपनीत होते, वाकडला शेतं होती तेव्हा तिकडे फ्लॅट घेतला, सगळे नातेवाईक म्हणाले जंगलात राहायला चाललास का. मग हिंजवडीला आयटी पार्क झालं आणि तेच नातेवाईक सल्ला विचारायला यायला लागले. आज तीन फ्लॅट, एक दुकान. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सात-आठ पोरांना शिकवतात, एक रुपया न घेता. चहा मामी पाठवते, कुरकुरत, "घरात कुणी ऐकत नाही म्हणून बाहेर जमवलेत." मामांना विचारलं तर नाकारत नाहीत. रिटायर झाल्यावर फोन वाजायचा बंद झाला ते त्यांना फार लागलं होतं, आणि फ्लॅट काही आपल्याशी गप्पा मारत नाही. शिवाय पोरं बातम्या पण आणतात, अमक्याचे काका दुकान विकतायत, तमक्याच्या गावाजवळून रस्ता जाणार आहे. म्हणजे मामा पण अगदीच धर्मादाय नाहीत.

मागच्या रविवारी मी गेलो तर सगळ्यांच्या हातात एका जुन्या, हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याची झेरॉक्स. सगळी पोरं मालकाचं नाव वाचतायत, क्षेत्र मोजतायत. मामा म्हणाले, "नाव काय बघताय, नाव सगळेच बघतात. इतर हक्काच्या रकान्यात बघा, मालक सोडून आणखी कुणाचा हक्क आहे ते." तिथे गावातल्या शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, तो सगळ्यांना सापडला. त्याच्या खाली बारीक गिचमिड अक्षरात एका बाईचं नाव होतं, ते कुणालाच नाही. विकणाऱ्याची बहीण. वारस म्हणून लागलेली, खरेदीखतावर तिची सही घेतलीच नव्हती. तिनं दावा टाकला, तो अजून चालू आहे, तारीख पे तारीख.

एक पोरगं म्हणालं, "काका, एवढं डोळ्यासमोर असून बघितलं नाही म्हणजे घेणारा येडाच असणार."

मामांनी कपातला गाळ खिडकीतून बाहेर टाकला आणि म्हणाले, "पाऊण एकर. सगळा पीएफ घातला होता मी त्यात."