तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टी सेल कुठे होत्या?

रोटाव्हायरसची लस घेऊनही भावाच्या बाळाला रोटाचे जुलाब झाले. "तिन्ही डोस दिले होते ना? मग तुझ्या त्या टी सेल काय करत होत्या?" भावाने विचारलं, त्याच्या सासूबाईंनी विचारलं, मग बिल्डिंगमधल्या काकूंनीही. मी लॅबमध्ये टी सेल, म्हणजे व्हायरस ओळखून त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोजते म्हणून उत्तर माझ्याकडेच असणार असं सगळ्यांना वाटतं, तर एकदाच लिहून टाकते.

लसीने रोटा होणारच नाही असं कोणीच म्हटलं नव्हतं. रोटाव्हॅक या भारतीय लसीच्या ट्रायलमध्येही पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून थोडेसेच जास्त टळले होते. पण तिसऱ्या डोसच्या दिवशी "आता काळजी मिटली" हे मीच बोलले होते, तेही खरं.

बाळ अकरा महिन्यांचं होतं. डोळे खोल गेलेले, रडत होतं पण डोळ्यात पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू जागेवर जायची, आणि सिस्टर चौथ्यांदा शीर शोधत होत्या. तेवढ्यात भावाने माझ्याकडे वळून तो टी सेलचा प्रश्न विचारला आणि मी तिथे उभ्या उभ्या सांगायला लागले, की हा व्हायरस लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये वाढतो, रक्तात नाही बघायचं वगैरे. भावजय हळूच म्हणाली, "ताई, आत्ता नको." अजून ऐकू येतं ते.

खरं सांगायचं तर पूर्वी मीही रक्तावरच बोट ठेवायचे. लहान मुलांचं रक्त घेऊन एलिस्पॉट (या चाचणीत प्रतिसाद देणारी प्रत्येक टी सेल प्लेटवर एक ठिपका सोडते) लावला की प्लेट जवळपास कोरी यायची, ठिपकेच नाहीत, आणि मी म्हणायचे, बघा, प्रतिसादच नाही. 2002 साली कोलंबियातल्या संशोधकांनाही हेच दिसलं होतं, मोठ्यांच्या रक्तात इंटरफेरॉन गॅमा हे व्हायरसविरोधी प्रथिन सोडणाऱ्या टी सेल मिळतात, आजारी पोरांच्या रक्तात फारच कमी. पण मोठ्यांमध्ये रोटा ओळखणाऱ्या ज्या टी सेल सापडतात त्यांच्यावर आतड्याकडे नेणारा अल्फा४ बीटा७ नावाचा रेणू असतो, म्हणजे त्यांचं घर तिकडेच. मग पोरांच्या सेलही तिकडेच असतील का? बाळाच्या आतड्याचा तुकडा कोण कापून देणार आहे मला!

आणि समजा सापडल्या, तरी पुढचा जुलाब त्याच अडवतात की आयजीए, म्हणजे आतड्यातल्या अँटिबॉडी, हे माणसांत सुटं करणं फार अवघड. वेल्लोरच्या मुलांना तीनदा रोटा होऊन गेल्यावरही मध्यम ते गंभीर आजारापासून संरक्षण 79 टक्केच होतं, मेक्सिकोत दोनदा होऊन गेल्यावरच ते पूर्ण मिळालं होतं.

भाऊ परवा विचारत होता, परत होईल का? होऊ शकतं, म्हटलं, बहुतेक हलका होईल. "बहुतेक" वर तो काही बोलला नाही, ओआरएसची पाकिटं मोजत बसला.