तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ब्लो बाय ब्लो’मध्ये ऐकायचं काय?

गाडीत हा अल्बम लावला की शेजारी बसलेला माणूस दोन-तीन मिनिटं वाट बघतो आणि विचारतो, “गाणं कधी सुरू होणार?” मी सांगतो, गाणारं कोणी येणार नाही. मग पुढचा प्रश्न येतोच: “मग यात ऐकायचं काय?” इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. अल्बम आहे जेफ बेक या इंग्लिश गिटारवादकाचा ‘ब्लो बाय ब्लो’, 1975 चा.

प्रश्न मला पटतो. आपला कान शब्दांवर वाढलेला. वरातीत क्लॅरिनेटवाला गाणं वाजवतो तेव्हा शब्द आपणच मनात म्हणत असतो. पेटीवर नाट्यपद वाजलं तरी तेच. इथे म्हणायला शब्दच नाहीत, त्यामुळे कान पहिल्यांदा चाचपडतो.

म्हणून माझं सांगणं असं की पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका. जुन्या तबकडीची दुसरी बाजू जिथे सुरू होते तिथून ऐका. ‘कॉज वुइव्ह एन्डेड ॲज लव्हर्स’. या रचनेला मुळात शब्द होते. स्टीव्ही वंडर या अमेरिकन गायक-संगीतकाराने ती सिरीटा राइट या गायिकेसाठी लिहिली आणि 1974 मध्ये तिने आपल्या अल्बममध्ये ती गायली. दोघं नवरा-बायको होते, 1972 मध्ये वेगळे झाले, आणि त्यानंतर तिच्या तोंडी हे गाणं. बेकने शब्द काढून घेतले आणि ती चाल गिटारवर म्हटली. ‘वाजवली’ असं मला लिहवत नाही.

म्हटली म्हणजे काय, हे मला एका गिटार शिकवणाऱ्या मित्राने त्याच्या खोलीत दाखवलं, तेव्हा खरं कळलं. त्याने छोट्या ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, गिटार जोडली आणि एक तार छेडली. टक् असा आघात आला आणि सूर हळूहळू विरला. “गिटार अशीच बोलते,” तो म्हणाला, “आधी टक्, मग सूर.” मग त्याने उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणाला अडकवली, आवाज पूर्ण बंद केला, तार छेडली आणि छेडल्यावर बटण सावकाश फिरवलं. टक् गेला. सूर कुठूनतरी उमलत आला, मोठा झाला, भरला. कोणीतरी ओठ मिटून ‘म्’ धरावा आणि मग तोंड उघडून ‘आ’ करावा, तसा. मी त्याला तो एकच सूर सात-आठ वेळा काढायला लावला.

ही युक्ती बेकची स्वतःची नव्हे. रॉय ब्युकॅनन हा अमेरिकन वादक अशा उमलत्या सुरांसाठी प्रसिद्ध होता, आणि बेकने ही रचना त्यालाच अर्पण केली, सोबत स्टीव्हीचे आभार मानले. गिटारही ठिगळाची: सीमोर डंकन या कारागिराने टेलिकास्टर गिटारच्या लाकडात गिब्सन कंपनीच्या एका तुटक्या फ्लाइंग व्ही गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारे भाग, बसवून ती बेकसाठी बनवली होती.

आता दुसरी गोष्ट. गिटारला फ्रेट म्हणजे दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, सूर ठरलेल्या जागी बसवलेले. पण तार बोटाने आडवी खेचली की सूर वर चढतो, आणि दोन सुरांच्या मधली सगळी वाट ऐकू येते. आपण तिला मींड म्हणतो. बेकची तार कधी सुरावर लगेच पोचते, कधी जरा खालीच रेंगाळते आणि मग पोचते. त्या रेंगाळण्यात गाण्याचं सगळं दुःख आहे. सतारीवर गायकी अंगाने वाजवलेलं ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी हा अल्बम परका नाही.

उरलेला अल्बमही ऐकाच, पण सगळा एका तोलाचा आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या बाजूवर बीटल्सचं ‘शीज अ वुमन’ आहे, त्यात टॉक बॉक्स वापरलाय: गिटारचा आवाज नळीतून वादकाच्या तोंडात जातो आणि ओठांच्या हालचालीने त्याला शब्दांसारखा आकार येतो. गंमत येते. पण गिटारने खरोखर माणसाचं तोंड उसनं घेतलं तिथे ती कमी बोलते, आणि स्टीव्हीच्या गाण्यात नुसत्या बोटांनी कितीतरी जास्त. ‘स्कॅटरब्रेन’ नऊ मात्रांत धावतं, तिथे दम लागतो. ‘फ्रीवे जॅम’मध्ये फिल चेनचा बेस आणि रिचर्ड बेलीचे ड्रम्स ऐका, वीस वर्षांचाही नसलेला पोरगा काय हात चालवतो!

निर्माता होता जॉर्ज मार्टिन, बीटल्सवाला. लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसजवळच्या एअर स्टुडिओत 1974 च्या ऑक्टोबरात काम झालं. मार्टिन सांगत की बेकचं कधी समाधानच व्हायचं नाही. एकदा फोन करून म्हणाला, तो एक सोलो पुन्हा वाजवायचाय, आणि तोवर तबकड्या दुकानात पोचल्या होत्या. शब्दांचा आधार नसलेला हा अल्बम अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. शेवटच्या ‘डायमंड डस्ट’मध्ये मार्टिनने व्हायोलिनचा ताफा बसवलाय, पाच मात्रांत. मॅक्स मिडलटनचा पियानो मधूनच येतो. हे रात्री, दिवा घालवून ऐका.

आणि तरीही ‘यात माणसाचा आवाज कुठे आहे’ असं वाटलं, तर बेकचीच एक नंतरची रचना सांगतो, 2001 च्या अल्बममधली ‘नादिया’. ती मूळ नितीन सॉनीची, आणि मूळ गायल्यात स्वाती नाटेकर. आधी स्वातीताईंचं गाणं ऐका, दोनदा ऐका, त्यांच्या हरकती कानात बसू द्या. मग बेकचं लावा. बोटात घालून तारेवरून सरकवायच्या नळीने, स्लाइडने, तो त्यांच्या आवाजामागे जातो, वळण आलं की वळतो, स्वातीताई ज्या सुरावर थांबतात तिथे थांबतो. त्यानंतर परत या, ‘कॉज वुइव्ह एन्डेड ॲज लव्हर्स’ लावा, आणि पहिला सूर उमलताना मला फोन करा.