आमच्या कागदी लिली का उलगडत होत्या

लहान मुलांकडून कागदाच्या लिली करून घ्यायच्या असतील तर जाड कार्डशीट आणू नका. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन संध्याकाळी आणि अकरा पोरांचा हिरमोड वाचला असता, म्हणून पहिल्यांदा तेच लिहितेय.

बेळगावात कॅम्पातल्या आमच्या धर्मशिक्षण वर्गात चार ते सहा वर्षांची मुलं आहेत. ईस्टरला वेदीजवळ त्यांच्या हातची सजावट लावायची ठरली. रंगीत अंड्यांची माळ तासाभरात झाली. अडलो ते लिलीवर.

कागदावर मुलाचा पंजा गिरवायचा, कापायचा, बोटं पेन्सिलीवर गुंडाळून बाहेर वळवायची आणि तळव्याचा आइस्क्रीमच्या कोनासारखा कोन करून चिकटवायचा. खऱ्या लिलीला सहा पाकळ्या दिसतात, इथे पाचच, पण प्रत्येक फूल एकेका पोराच्या हाताएवढं होतं. मला हीच कल्पना फार आवडली होती.

कागद घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "जाडच घ्या की अक्का, पोरांच्या हातात फाटणार नाही." घेतला. कोन वळवला, डिंक लावला, दहा आकडे मोजले आणि बोट काढलं की कोन उघडायचा. पुन्हा वळवायचा, पुन्हा उघडायचा. चार वर्षांचं मूल ओला कागद धरून बसणार तरी किती वेळ? एका मुलीला रडू आलं, "टीचर, माझाच हात उघडतोय." दुसऱ्या दिवशी डिंक जास्त लावला तर कागद भिजून फुगला. थोडे कोन कसेबसे टिकले होते, ते खिडकीत वाळत ठेवले. रात्री वळीव कोसळला, हवा दमट झाली आणि सकाळी निम्मे उलगडलेले. दुकानात परत गेले तर म्हणे, डिंक बदला. चूक डिंकाची नव्हती. याचा राग माझ्या मनात अजून आहे.

उत्तर मिळालं ते आमच्या गल्लीतल्या बाइंडरकाकांकडे. त्यांनी कार्डशीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून दाखवलं. "इकडून सहज वाकतोय, खरं तिकडून अडतोय, बघा." यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात. गुंडाळीची नळी तंतूंना समांतर राहील अशी वळवली तर ती टिकते, तंतूंना आडवी वळवली तर कागद उसळून सरळ होतो. आम्ही कागद वाचवायला पंजे उभे-आडवे कसेही गिरवले होते. थोडेच कोन का टिकले ते तेव्हा कळलं.

मग 120 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 120 ग्रॅम वजनाचा, ड्रॉइंग पेपर आणला, आधी वाकवून दिशा पाहिली आणि बोटं तंतूंच्या दिशेने ठेवूनच पंजे गिरवले. कोनाला कपडे वाळवायचे चिमटे लावून पंधरा मिनिटं पोरांना बाहेर खेळायला सोडलं. एकही उलगडला नाही! झेरॉक्सचा कागद घेऊ नका, तो दमट हवेत मान टाकतो.

डिंकाऐवजी मैद्याची खळ चालते, पोरं बोटं चाटतातच. पण बाइंडर घालतात तसं मोरचूद तिच्यात घालू नका, ते विषारी असतं.

ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यात कधीही येतो. लवकर आला तर परीक्षा असतात आणि मुलं मिळत नाहीत, तेव्हा पंजे आधीच गिरवून ठेवा. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारच्या मिसानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वेदी मोकळी करतात, त्यामुळे फुलं ताटात झाकून ठेवायची आणि शनिवारी दुपारनंतरच लावायची.

आणि पंजा वळवण्याआधी आतल्या बाजूला मुलाचं नाव आणि वर्ष लिहा. नंतर आत पेन जात नाही, आणि आया आपल्याच पोराचा हात मागायला येतात.