शिराझ, पण पॅकेटच्या यीस्टशिवाय

दिंडोरी तालुक्यात आमची शिराझची, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षाची, बाग आहे, नानांनी 2004 ला लावलेली. 2009 च्या आसपास वायनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं तेव्हा आजूबाजूच्या खूप जणांनी वाईनच्या बागा तोडून खायची थॉमसन द्राक्षं लावली, नानांनी मात्र नाही तोडली. नंतर हळूहळू सगळी बाग सेंद्रिय केली. सर्टिफिकेटसाठी फळबागेला तीन वर्षं काढावी लागतात, आणि पावसाळ्यात डाऊनी (बुरशीचा रोग) आली की बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, सोडून हातात फारसं काही नसतं, त्यामुळे माल कमी निघतो. पण मणी बारीक, साल जाड, आणि वाईनला तेच लागतं.

आपल्या मालाची आपणच नॅचरल वाईन करायची, म्हणजे बाहेरचं काही न टाकता द्राक्षावरच्याच यीस्टने आंबवायची, असं माझ्या डोक्यात खूप दिवस होतं. लायसन्सशिवाय करता येत नाही, म्हणून ओळखीच्या एका वायनरीत टँक भाड्याने घेतला. तिथल्या वाईनमेकर सरांचं म्हणणं सरळ होतं, वाईन टिकायला सल्फर टाका, पॅकेटचं यीस्ट टाका आणि रात्री शांत झोपा. मी म्हटलं सर, मग बाग इतकी वर्षं सांभाळली कशाला.

तोडणी फेब्रुवारीत, पहाटे हेडलाइट लावून, कारण ऊन चढल्यावर तोडलेला माल क्रेटमधेच तापतो. आम्ही साडेबावीस ब्रिक्सलाच (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडली. अजून थांबलो असतो तर साखर वाढली असती पण सोबत पीएच पण वर गेला असता, म्हणजे आंबटपणा उतरला असता, आणि पीएच 3.7 च्या पुढे गेला की सल्फरशिवाय वाईन टिकवणं फार अवघड, नको ते बॅक्टेरिया लगेच डोकं वर काढतात. फुटलेला, भुरीचा एकेक मणी बायकांनी टेबलावर बसून काढला. या कामात मी कुणालाच घाई करू दिली नाही.

मेन तोडणीच्या काही दिवस आधी थोडे निवडक घड आणून एका नव्या ड्रममधे चुरून ठेवले होते. वायनरीच्या पाइपात, भिंतींवर जुन्या पॅकेटचं यीस्ट असतंच, त्याच्या आधी आपल्या बागेचं यीस्ट जोरात यावं म्हणून. सुरुवातीला काहीच हालचाल नाही, मी सारखी झाकण उघडून वास घेतेय, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर सगळं फेकायचं हे ठरलेलं, आणि नाना म्हणतात, "अगं, विरजण लावलंय, सारखं हलवून बघितलं तर लागेल का?" मग एका सकाळी कान लावला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती, वर गुलाबी फेस, आणि वास स्वच्छ, जांभळासारखा. तेच मोठ्या टँकमधे ओतलं.

पुढचं काम अंगमेहनतीचं. साली वर येऊन जाड थर होतो, तो दिवसातून तीनदा दाबून रसात बुडवायचा, नाहीतर वरच्या वर आंबट होतो. तापमानावर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष. आपल्याकडे दुपारी बाहेरच पस्तिशी गाठते, आणि टँक पस्तिशीवर गेला की यीस्ट दमतं आणि साखर अर्धवट राहते. म्हणून गार पाण्याचं जॅकेट अठ्ठावीसच्या आसपास धरून ठेवलं. घनता 1.000 च्या खाली उतरली, म्हणजे साखर संपत आली, तेव्हाच मी निवांत बसले.

मॅलिकचं लॅक्टिक, म्हणजे बॅक्टेरियाने तीव्र आंबट आम्लाचं सौम्य आम्ल करणं, आपोआप झालं, बाहेरचा बॅक्टेरिया टाकावा लागला नाही. गाळलं नाही, फक्त गाळ खाली बसू दिला. बाटली भरताना लिटरला 20 मिलिग्रॅम सल्फर टाकलं. काही जण म्हणतील मग नॅचरल कसली, पण 2020 ला फ्रान्समधे नॅचरल वाईनची जी सनद निघाली तिच्यात पण 30 पर्यंत चालतं, आणि आपल्या उन्हाळ्यात टेम्पोतून जाणारी बाटली मी त्याशिवाय कुणाला देणार नाही.

कुणी घेतलीच तर आधी एक दिवस उभी ठेवा, तळाला गाळ असतो, शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या. आणि मे महिन्यात तरी कपाटात नको, फ्रीजच्या दारात ठेवा.