सतरावी बॅच कडू, अठरावीत माग लागला

माझ्या कोंबुचाची (गोड चहा आंबवून केलेल्या फसफसत्या पेयाची) सतरावी बॅचही कडू निघाली तेव्हा बाटली तशीच ओट्यावर ठेवली आणि आठ दिवस कोंबुचाकडे फिरकले नाही. आज लिहायला बसले, कारण हा कडूपणा येतो कुठून ते सापडलं.

आधी एफवनचं, म्हणजे चहा आंबवण्याच्या पहिल्या टप्प्याचं, सांगून टाकते, तिथं सगळं झकास आहे. तीन लिटर पाणी, २४ ग्रॅम आसाम चहा, २०० ग्रॅम साखर, ४०० मिली स्टार्टर (आधीच्या बॅचचा आंबट कोंबुचा). आठव्या दिवशी पीएच ३.१. नवी स्कोबी, म्हणजे आंबवणाऱ्या यीस्ट-जिवाणूंची चकती, सायीसारखी एकसंध धरली आहे. माझी पहिली स्कोबी ज्या किटमधून आली ते ऐन मे महिन्यात कुरिअरमध्ये तापून आलं होतं आणि पिशवीत जेमतेम तीन चमचे पाणी होतं. नागपुरात किट मागवायचं तर दिवाळीनंतर मागवा, आणि स्टार्टर निदान कपभर देतात का ते आधी विचारा.

घोडं अडलं होतं ते फक्त संत्र्याच्या एफटूमध्ये, म्हणजे बाटलीत फळ घालून पुन्हा आंबवायच्या दुसऱ्या टप्प्यात. आलं छान येतं, काळी द्राक्षं छान येतात. संत्र्याची बाटली उघडली की फेस येतो, वास येतो, पहिला घोट आंबटगोड लागतो. घोट गिळला की जिभेच्या मुळाशी कडू चव उठते आणि पाच मिनिटं जात नाही. हे तुरटपण नव्हे. चहा जास्त मुरला तर जीभ कोरडी पडते, तसं इथं काहीच होत नव्हतं. तरीही मी आधी चहालाच धरलं आणि बारा मिनिटांवरून सहावर आले. फरक शून्य. मग बिया काढल्या. मग मिक्सर सोडून हातानं पिळलं, तेव्हा उगाच किंचित कमी वाटलं. शेवटी रसातलं रानटी यीस्ट मारावं म्हणून सतराव्या बॅचला रस ७० अंशांपर्यंत तापवून घेतला. ती सगळ्यांत कडू!

वाट आईनं दाखवली. ती म्हणाली, "अगं, संत्र्याचा रस काढून ठेवायचाच नसतो, कडू होतो. पाहुणे येऊन बसले की मगच आम्ही काढायचो." त्याच रात्री एका ग्लासात नुसता रस झाकून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी तोच कडूपणा, तीच जागा. चहा नाही, स्कोबी नाही, फक्त संत्रं.

मग वाचत सुटले. या कडूपणाचं नाव लिमोनिन. बिया सोडल्या तर फळात ते फारसं तयार नसतं. फोडीचा पापुद्रा आणि पांढरे धागे यांत त्याचं आधीचं रूप असतं आणि ते कडू नसतं. पिळताना ते रसात उतरतं, रसातल्या आंबटपणानं काही तासांत त्याचं लिमोनिन होतं, आणि उष्णतेनं हे काम आणखी लवकर होतं. म्हणजे मी कोंबुचाच्या आंबटात तो रस तीन दिवस मुरवत होते आणि वर तापवतही होते. लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तरी बहुतेकांच्या जिभेला ते कळतं. फळ झाडावर पुरतं पिकलं की प्रमाण उतरतं, म्हणून आता कळमन्याच्या फळबाजारातून मृग बहाराची (उन्हाळ्याच्या तोंडावर येणारी) पक्की फळंच आणते. आंबिया बहाराच्या (दिवाळीच्या आसपास येणाऱ्या) सुरुवातीची हिरवट संत्री एफटूला बंद.

अठराव्या बॅचमध्ये दोन बाटल्या सोललेल्या फोडींच्या केल्या. प्रत्येक फोडीचा पापुद्रा उतरवून आतला गर तेवढा घेतला. एका किलोला दीड तास लागला, नखं पिवळी झाली, पण तिसऱ्या दिवशी कडूपणा जवळजवळ नाही! तिसरी बाटली सहज म्हणून केली होती: रस अजिबात नाही, सालीचा वरचा केशरी किस अर्धा चमचा आणि ७५० मिलीला ५ ग्रॅम साखर. ती उघडली आणि स्वयंपाकघरभर ताजं संत्रं सोलल्याचा वास. कडू अजिबात नाही. आईनं दुसरा ग्लास मागितला.

किसायचं ते सोलण्याआधी. आपल्या संत्र्याची साल सैल, एकदा सुटली की किसणीवर लोळते. फळ तळहातात घट्ट धरून हलक्या हातानं फिरवायचं, पांढरं दिसलं की थांबायचं. घरातली आल्याची बारीक किसणी पुरते. पीलर नको, तो पांढरंही ओढून आणतो.

एकोणिसाव्या बॅचला आठ बाटल्या सोललेल्या गराच्या करणार, असं लिहायला घेतलं होतं. पण लिहिता लिहिता सुचलं: किस आणि ती ५ ग्रॅम साखर वेगवेगळी कशाला घालायची? किस साखरेत चोळून रात्रभर ठेवला तर सालीचं तेल साखरेत उतरेल, गाळ नाही आणि बुडबुड्यांना खाऊही मिळेल. तेव्हा गर फक्त दोन बाटल्यांना, तुलनेसाठी. सहा बाटल्या साखरेच्या. नेहमीप्रमाणे एक प्लास्टिकची सोडा बाटली सोबत भरणार. ती दाबून दगडासारखी लागली की काचेच्या सगळ्या फ्रीजमध्ये. एप्रिल लागला की एफटू कूलरच्या खोलीत, नाहीतर दीड दिवसातच बाटल्या फुगतील.

आताच वाटीत डोकावून आले. किस चोळून दोन तास झालेत; साखर ओली, केशरी झाली आहे आणि झाकण उघडलं की नाकाला झिणझिण्या येतात.