मोठ्यानं चूक

प्रार्थना आपल्याला येते, अशी माझी चाळीस वर्षं समजूत होती. कोल्हापुरात इंग्रजी शाळेत शिकलो. रोज सकाळी रांगेत उभं राहून 'आवर फादर' आणि 'हेल मेरी' म्हणायचो. मी कॅथलिक, पण माझ्याइतकंच फाडफाड माझे मराठा, जैन, मुसलमान मित्रही म्हणायचे. 'ट्रेसपासेस' म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पुढं कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकावर तोच शब्द दिसला, तेव्हा देवबापाचा या बंगल्याशी काय संबंध, असं वाटून गेलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही नऊजण जुन्या गोव्याला चालत गेलो. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण असतो. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, २४ नोव्हेंबरपासून. तेव्हा चालायचंही नऊ दिवस, असं ठरलं. कागल, निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत दोनशेच्या वर किलोमीटर. घरच्यांना वाटलं, मी वजन कमी करायला निघालोय. ते अगदीच खोटं नव्हतं.

पहाटे पाचला शाहू नाक्यावरून निघालो आणि गोकुळ शिरगाव यायच्या आत माझी लाज गेली. रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, मराठीत सुरू झाली. एकानं 'नमो मारिये, कृपापूर्णे' अशी 'हेल मेरी'ची सुरुवात करायची, उरलेल्यांनी 'हे पवित्र मारिये' म्हणून पुढचा अर्धा भाग उचलायचा. आमच्या गल्लीतून आषाढीला नंदवाळला दिंडी जाते, त्यात टाळकऱ्यांच्या दोन रांगा अभंग असाच इकडून तिकडं घेतात. ते मला पाठ होतं. हे येत नव्हतं. मी नुसता गुणगुणल्यासारखं करत होतो. शेजारी आजऱ्याची एक मावशी चालत होती, साठीची, पायात साधी रबरी चप्पल. तिनं कोपर मारलं. "पुटपुटू नको रे. चुकलास तर मोठ्यानं चूक, म्हणजे आम्हाला कळंल तरी."

मग मोठ्यानं चुकलो. पहिले दोन दिवस भरपूर.

माळेत ५९ मणी असतात. ५३ 'नमो मारिये'चे आणि ६ 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'चे, म्हणजे 'आवर फादर'चे. दहा-दहाचे पाच गट, आणि प्रत्येक गटाला येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा. त्यांना रहस्यं म्हणतात. सोमवारी-शनिवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातली. चालताना एक रोझरी म्हणजे साधारण वीस मिनिटं, दीड किलोमीटर. तिसऱ्या दिवसापासून आम्ही अंतर त्यातच मोजायला लागलो. "उत्तूर किती लांब?" "चार रोझऱ्या."

लक्ष मात्र लागत नव्हतं. काट्यांच्या मुकुटाचं रहस्य चाललेलं आणि माझं ध्यान टाचेच्या फोडावर. त्यात उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या मागं आणि स्पीकरवर असलं गाणं की जमीन हादरावी. फादरना विचारलं तर म्हणाले, "लक्ष जाणारच. गेलं की परत आणायचं. बोट मण्यावर आहे ना, मग कुठवर आलो ते कळतं." वर हेही सांगितलं की झेवियर १५४२ साली गोव्यात उतरला, तेव्हा रस्त्यानं घंटा वाजवत पोरं गोळा करायचा आणि त्यांना प्रार्थना शिकवायचा. पुढं तमिळ मुलखातल्या मोत्यांच्या किनाऱ्यावर गेला, तिथं त्यानं प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि स्वतः घोकून पाठ केल्या. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. एवढा मोठा संत, पण परक्या भाषेत तोही चुकलाच असणार.

आता खरी अडचण सांगतो. इंग्रजीत जिथं 'ट्रेसपासेस' होतं, तिथं मराठीत 'जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' असं सरळ येतं. कळतं, हाच घोटाळा. माझ्या चुलतभावानं गुऱ्हाळासाठी माझ्याकडून दोन लाख वीस हजार नेले. आज सहा वर्षं झाली. त्या ओळीला माझा आवाज आपोआप बंद पडायचा. पुढच्या ओळीला परत सुरू.

आजऱ्यात मावशीच्या घरी मुक्काम झाला. घनसाळ तांदळाचा भात, आणि रात्री घरच्यांचा तेर्स, म्हणजे कोकणीतली रोझरी. मावशीचं माझ्याकडं लक्ष होतंच. आंबोली घाट उतरताना धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता, तेव्हा ती म्हणाली, "तू तिथं गप्प का होतोस रे?"

सगळं सांगितलं. ती हसली. "मी सात वर्षं गप्प व्हायची. सासूच्या नावानं."

"मग?"

"मग काय, सासू गेली. आता म्हणते."

आमच्याबरोबर एक आजोबा होते, लहानपण प्रोटेस्टंट घरात गेलेलं. कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५२ पासून, त्यामुळं अशी घरं पुष्कळ. ते मागून म्हणाले, "आमच्या बायबलात तर सरळ ऋणच लिहिलंय. ऋण्यांस ऋण सोडले आहे." दोन लाख वीस हजार! मला घाटातच बसावंसं वाटलं.

२ तारखेला संध्याकाळी बॉम जीझस चर्चच्या लाल जांभ्याच्या भिंतीसमोर पोचलो. दुसऱ्या दिवशी मंडपातली मिस्सा, म्हणजे सगळ्यांची मिळून उपासना, कोकणीत होती. स्वर्गातल्या बापाची प्रार्थना सुरू झाली आणि मी निर्धास्त होतो, इथं कुठली ओळ कुठं येते ते मला कळणारच नव्हतं. पण 'भोगस' हा शब्द आजऱ्याच्या तेर्सात कानावर पडलेला. भोगस म्हणजे क्षमा कर. तो आला आणि डावीकडून कोपर बसलं.

मी काहीतरी म्हणालो. मोठ्यानं, चुकीचं. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून बघितलं.

चुलतभावाचा नंबर अजून ब्लॉकच आहे. रात्री रोझरी म्हणतो, ती ओळ म्हणतो, जरा घाईनं. मावशी फोन करते, तेव्हा पहिलं तेच विचारते.