दारावर कोण होतं?

अमळनेरला माझं दुकान आहे. जुन्या कॅसेटी, स्पूल, क्वचित तवकड्याही कॉम्प्युटरवर उतरवून देतो. हळदीची गाणी, कीर्तनं, गेलेल्या माणसांचे आवाज हे रोजचं काम. रेडिओवरच्या नाटकांची चौकशी करणारेही येतात, पण त्यांना बहुतेक 'पुन्हा प्रपंच'च हवं असतं. त्यातले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी कुठे मिळतील, असं विचारतात. आपल्याच माळ्यावर खानदेशातली एखादी श्रुतिका पडलेली असेल आणि तिलाही मोल असेल, हे त्यांच्या मनात येत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत पोतंभर कॅसेटी भंगारवाल्याला जातात. मला ते बघवत नाही.

म्हणून मागच्या उन्हाळ्यात पारोळा तालुक्यातल्या एक मावशी आल्या आणि त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली, तेव्हा तिच्यावरचं लेबल वाचूनच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. बॉलपेनाने लिहिलं होतं: अहिराणी श्रुतिका, पुसू नये. सोबत त्यांचे दीर होते, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. दोघांचंही वय सत्तरीच्या पुढे.

आधी कॅसेट लावायची नाही, हा माझ्याकडचा नियम. फितीला हेडवर दाबून धरणारी फेल्टची बारीक गादी असते, तिचा गोंद आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यांत वाळून जातो. गादी निसटलेली असली की आवाज दबका येतो आणि लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. या कॅसेटची गादी डबीतच सैल पडली होती. फीत नव्या डबीत घातली, हेड स्पिरिटने पुसलं आणि मग हेडशेजारचा स्क्रू फिरवायला बसलो. हे काम माझ्या आवडीचं. ज्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डरवर, हे भरलं गेलं, त्याच्या हेडचा कोन माझ्या डेकपेक्षा थोडा वेगळा असणारच. स्क्रू केसभर फिरवत जायचं आणि माणसांच्या बोलण्यातले 'स' आणि 'श' ऐकत राहायचं. एका जागी ते एकदम उजळतात. तिथे थांबायचं. काही दुकानदार हे न करता सरळ मोबाईल स्पीकरसमोर धरतात, वर खरखर घालवणारं सॉफ्टवेअर फिरवतात आणि माणसं विहिरीतून बोलल्यासारखी करून देतात. त्याचेही पैसे घेतात. मला ते पटत नाही आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

श्रुतिकेच्या सुरुवातीची उद्घोषणा नव्हती. बटण दाबेपर्यंत नाव, लेखक, कलाकार सगळं होऊन गेलेलं. एकदम बासरी आणि पाठोपाठ एका म्हातारीचा आवाज. पोरगा सुरतेला कामाला गेलेला, शेत गहाण, घरात ती एकटी. मुंबई, पुणे, इंदूर ही केंद्रं रात्री मध्यम लहरींवर आपल्याकडे येत, पण आवाज वरखाली होत राही. इथे तसं काही नव्हतं, आवाज सुरुवातीपासून ठाम होता. भाषा अस्सल अहिराणी. म्हणजे बहुधा जळगाव केंद्रच.

अर्ध्यावर आल्यावर म्हातारी हळूहळू तरुण व्हायला लागली. आप्पा लगेच म्हणाले, "लोडशेडिंग. सेलवर चालू होता तो." अगदी बरोबर. सेल उतरत गेले, मोटार मंदावत गेली, फीत सावकाश सरकली. आता ती नीट वेगाने वाजवली की आवाज चढतो. हे सुधारायला पक्की खूण लागते. विजेवर भरलेलं असतं तर विजेच्या घरघरीवरून वेग काढता आला असता, सेलवर ती घरघर नसते. खूण मिळाली ती बासरीत. प्रत्येक प्रवेश बदलताना तोच तुकडा वाजत होता. पहिल्यांदा जो सूर होता, तो शेवटच्या वेळी अर्ध्या स्वराहून थोडा जास्त वर गेलेला. अर्धा स्वर म्हणजे वेगात साधारण 6 टक्के. बासरीच्या एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत वेग उतरवत आणला आणि म्हातारी परत म्हातारी झाली. ज्याने तो एकच तुकडा सगळीकडे वापरला, त्याचं नाव कळलं असतं तर बरं झालं असतं.

मग शेवट आला, म्हणजे आलाच नाही. सी-60 ची एक बाजू तीस मिनिटांची. म्हातारी एकटीच दिव्यापाशी बसून बोलते आहे आणि फीत संपली.

"उलटून पुढे भरलं होतं," मावशी म्हणाल्या. पण दुसऱ्या बाजूला हळदीची गाणी. 'पुसू नये' हे एकाच बाजूला लिहिलेलं.

शेवट काय होता, असं मी विचारलं आणि दुकानात भांडण सुरू झालं. मावशी म्हणतात, पोरगा परत येतो. आप्पा म्हणतात, पोरगा येत नाही, पोस्टमन मनिऑर्डर घेऊन येतो, म्हातारी अंगठा लावते आणि कुपनावरचा मजकूर त्यालाच वाचायला सांगते. दोघांनी एकाच घरात, एकाच रात्री, एकाच रेडिओवर ऐकलेलं. आप्पांनी दोनदा "वहिनी, तुम्ही विसरल्या" म्हटल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. "मना कान खोटा शेतस का? मी ऐकेल शे, भाऊ."

दुसरी बाजू मी अगदी टोकापासून लावली. गाणी भरणाऱ्याने सवयीप्रमाणे फितीच्या टोकाची, आवाज न भरणारी कोरी पट्टी पेनाने फिरवून पुढे काढली होती, पण जरा जास्तच. त्यामुळे पट्टी संपल्यापासून गाणी सुरू होईपर्यंतचा तुकडा पुसला गेला नाही. चार सेकंद, म्हणजे जेमतेम 19 सेंटिमीटर फीत. त्यात दारावर दोनदा टकटक, मग धातूचा एक बारीक किणकिणाट, मग म्हातारीचा आवाज: "कोन शे?" आणि लगेच ढोलक.

तिघंही गप्प झालो. मी ते पुन्हा पुन्हा लावलं.

धातूचा तो आवाज दाराच्या कडीचा असेल तर मावशी बरोबर. सायकलच्या घंटीचा असेल तर आप्पा. या दोघांतला फरक ओळखायचा तो वरच्या, तीक्ष्ण भागातून, आणि मध्यम लहरींच्या रेडिओत साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही येतच नाही. नेमकं हवं तेच गाळलेलं. माझ्याकडचं कोणतंही यंत्र फितीवर नसलेला आवाज परत आणू शकत नाही. शिवाय नाटकाच्या स्टुडिओत आवाजासाठी चौकटीसकट एक छोटं दारच ठेवलेलं असे, कडीकोयंड्यासह. टकटक करणाऱ्याचा हात कडीला नुसता लागला असेल, तर त्या किणकिणाटाला काहीच अर्थ नाही.

पहिल्या प्रवेशात, सुरतेला जाण्याआधी, पोरगा रात्री उशिरा घरी येतो, तीनदा टकटक करतो आणि आई काही न विचारता दार उघडते. इथे टकटक दोनदाच ऐकू येते. पण तिसरी टकटक आधीच, कोऱ्या पट्टीवर, न भरता गेली असेल तर? आप्पांनी दुसरा मुद्दा काढला: पोरगा असता तर तिने "कोन शे?" विचारलंच नसतं. मला तो बिनतोड वाटला. मावशींना वाटला नाही. "इतकी वर्षं रोज दार वाजल्याचा भास झालेली बाई आहे ती. ती विचारणारच."

बीबीसीने खास रेडिओसाठी लिहिलेलं पहिलं नाटक 1924 साली लावलं, ते कोळशाच्या खाणीत अंधारात अडकलेल्या माणसांचं होतं. ऐकणाऱ्यालाही दिसत नाही आणि पात्रांनाही नाही. आमच्या या अनामिक लेखकालाही तेच साधलेलं होतं. दार उघडेपर्यंत म्हातारीला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला.

मावशींची मागणी होती की शेवट त्या सांगतील, तो मी त्या फितीच्या पुढे जोडावा. मी नाही म्हणालो. पुढे ऐकणाऱ्याला मूळ कुठे संपलं आणि आठवण कुठे सुरू झाली हे कळलं नाही, तर ते मूळ राहत नाही. आप्पांनी माझी बाजू घेतली, पण त्यांचं कारण वेगळं होतं. मावशी रागावल्या आणि त्यांच्या रागात तथ्य आहे असं मला आजही वाटतं. फार वर्षांपूर्वी ऐकलेलं एक नाटक ज्या बाईने संवादांसकट जपलं, तिला वेगळ्या फाईलमध्ये बसवणारा मी कोण? तरीही मी जोडलं नाही. दोघांचेही शेवट माइकसमोर स्वतंत्र भरून घेतले. आप्पांनी गोष्ट सांगितली. मावशींनी ती केली: म्हातारीचा आवाज, पोराचा आवाज, मधली बासरीसुद्धा. शेजारचा चहावाला कपबशा घेऊन आला होता, तो दारातच उभा राहिला.

रेडिओ केंद्रांवर टेप पुसून पुन्हा वापरायची रीत जगभर होती. बीबीसीने 2001 साली श्रोत्यांनाच आवाहन केलं की तुमच्या घरी काही भरून ठेवलेलं असेल तर द्या, आणि हरवलेले कार्यक्रम लोकांच्या घरांतून परत मिळाले. ही श्रुतिकाही एकट्या मावशींनीच भरली असेल असं मी मानत नाही.

म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या सगळ्यांना विचारतो. अहिराणी श्रुतिका, सुरतेला गेलेला मुलगा, एकटी आई, प्रवेशांच्या मध्ये बासरी. घरात कॅसेटी असतील तर लेबलावर जाऊ नका, गाण्यांच्या कॅसेटीही दोन्ही बाजूंनी अगदी टोकापासून ऐकायला हव्यात. पण घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर लगेच लावू नका. आधी फितीमागची ती गादी जागेवर आहे का बघा. नसेल तर तशीच घेऊन या. या कॅसेटीचे मी पैसे घेणार नाही.